टीव्हीवर उघडलेला देह

२० नोव्हेंबर २००२ च्या रात्री पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनवर, ट्रूमन ब्रुअरीच्या जुन्या इमारतीत सुमारे ५०० माणसे दाटीवाटीने बसली होती. समोरच्या टेबलावर ७२ वर्षांच्या एका जर्मन पुरुषाचे शव होते. त्याच्याजवळ डोक्यावर काळी हॅट घातलेले जर्मन शरीररचनातज्ज्ञ गुंथर फॉन हागेन्स उभे होते. त्या खोलीत लंडनचे पोलीसही हजर होते, कारण हा कार्यक्रम केल्यास तो गुन्हा ठरेल, असा इशारा सरकारी निरीक्षकांनी आधीच दिला होता. फॉन हागेन्स यांनी सुरी चालवली. पोलिसांनी त्यांना अडवले नाही आणि त्याच रात्री उशिरा ‘चॅनल फोर’ या वाहिनीवरून ते दृश्य ब्रिटनच्या घराघरांत पोहोचले. तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर मानवी देह उघडण्याचा प्रसंग त्या देशात त्याआधी सुमारे १७० वर्षे घडला नव्हता.

त्या रात्री प्रेक्षकांनी काय पाहिले, हे आधी नीट सांगायला हवे. दोन्ही खांद्यांपासून छातीच्या मध्यापर्यंत आणि तिथून खाली ओटीपोटापर्यंत वाय अक्षराच्या आकाराचा छेद घेतला गेला. बरगड्यांचा पुढचा भाग उचलून बाजूला ठेवला. हृदय, फुफ्फुसे, यकृत हे अवयव बाहेर काढून त्यांची तपासणी केली, करवतीने कवटी उघडून मेंदू काढला आणि काही अवयव ट्रेमध्ये ठेवून प्रेक्षकांपुढे फिरवले. या गृहस्थांना दारू आणि सिगारेट दोन्हींची जबर सवय होती, ही माहिती प्रेक्षकांना होती. त्यामुळे सुजलेले हृदय आणि खराब झालेली फुफ्फुसे पाहताना त्या अवयवांमागचे आयुष्यही लोकांना दिसत होते. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी जे करतात ते हे शवविच्छेदन, ज्याला आपण बोलताना पोस्टमॉर्टेम म्हणतो. वैद्यकीय विद्यार्थी महिनोन्महिने थराथराने जे शिकतात ते डिसेक्शन वेगळे. टीव्हीवर पुढच्या काळात दोन्ही प्रकार आले आणि लोकांच्या बोलण्यात ते एकमेकांत मिसळले, तरी ते वेगळे आहेत हे लक्षात ठेवलेले बरे.

प्रतिक्रिया लगेच उमटल्या. प्रसारणाविरुद्ध १३० हून अधिक तक्रारी नियामक संस्थेकडे आल्या. ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने हा प्रकार मृताचा अवमान करणारा असल्याचे म्हटले. वर्तमानपत्रांनी काही दिवस हाच विषय चघळला. दुसरीकडे, तिकिटे घेऊन आलेली बरीच माणसे शेवटपर्यंत बसली, प्रश्न विचारत राहिली, आणि आपल्याच शरीराविषयी आपल्याला इतके कमी ठाऊक होते याचे आश्चर्य बोलून दाखवत बाहेर पडली. नियामकांनी चौकशी केली आणि कार्यक्रम सनसनाटी नव्हता, नियमभंग झालेला नाही असा निर्णय दिला. फॉन हागेन्स यांच्यावर खटलाही भरला गेला नाही.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सरकारी निरीक्षकाचा इशारा. ब्रिटनमध्ये शरीररचना निरीक्षक हे पद १८३२ च्या कायद्याने निर्माण झाले होते. २००२ मध्ये त्या पदावर बसलेल्या अधिकाऱ्याने फॉन हागेन्स यांना जे सांगितले, त्यामागे कित्येक शतकांचा इतिहास उभा होता. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला तो इतिहास माहीत नसेल, पण त्याच्या अस्वस्थतेची मुळे तिथेच होती.

लोकांसमोर देह उघडण्याची प्रथा युरोपात फार जुनी. इटलीतील बोलोन्या येथे मोंदिनो दे लुत्सी यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांसमोर विच्छेदन केले. १५४३ मध्ये आंद्रेआस व्हेसालियस यांचा मानवी शरीररचनेवरचा प्रचंड सचित्र ग्रंथ आला आणि शरीर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याविषयी बोलू नये, हा आग्रह त्यातून रुजला. १५९५ च्या सुमारास पादुआ विद्यापीठात खास विच्छेदनासाठी बांधलेले लाकडी नाट्यगृह सुरू झाले. ते आजही शाबूत आहे. तळाशी टेबल आणि भोवती एकावर एक सहा लंबवर्तुळाकार कठडे. उभे राहायला जागा इतकी अरुंद की चक्कर आली तरी पडायला वाव नाही. विच्छेदन हिवाळ्यात करत, कारण थंडीत शव जास्त दिवस टिकते. बोलोन्यात तर हा कार्यक्रम कार्निव्हलच्या दिवसांत होत असे आणि मुखवटे घातलेले नागरिकही तो पाहायला येत.

लंडनमध्ये २७ फेब्रुवारी १६६३ रोजी सॅम्युअल पीप्स हा सरकारी अधिकारी न्हावी-शल्यचिकित्सकांच्या सभागृहात असेच विच्छेदन पाहायला गेला होता. फाशी दिलेल्या एका खलाशाचे ते शव. पीप्सने आपल्या डायरीत नोंदवले आहे की त्याने उघड्या हाताने मृतदेहाला स्पर्श केला, तो थंड लागला आणि ते दृश्य त्याला अप्रिय वाटले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रेक्षकाची ही प्रामाणिक प्रतिक्रिया आहे. कुतूहलाने जवळ जायचे, हात लावायचा आणि मग शहारायचे. टीव्हीसमोरच्या माणसाची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

पण त्या टेबलावर नेहमी कोण असायचे? खलाशी, चोर, खुनी. रेम्ब्रांटने १६३२ मध्ये रंगवलेल्या डॉक्टर टुल्प यांच्या विच्छेदन-पाठाच्या प्रसिद्ध चित्रातला निश्चेष्ट माणूसही चोरीसाठी फासावर गेलेला होता. त्या चित्रात डॉक्टर टुल्प यांच्या डोक्यावर रुंद काठाची काळी हॅट आहे, आणि फॉन हागेन्स यांची हॅट पाहिली की त्या चित्राची आठवण येते. इंग्लंडमध्ये १७५२ पासून लागू झालेल्या कायद्याने खुन्याच्या फाशीनंतर विच्छेदन हा शिक्षेचाच भाग केला. मृत्यूहूनही मोठी बदनामी म्हणून. फाशीच्या जागी शल्यचिकित्सकांची माणसे आणि कैद्याचे नातेवाईक यांच्यात शवासाठी हाणामाऱ्या होत. शेवटच्या न्यायाच्या दिवशी देह अखंड असला पाहिजे अशी श्रद्धा बाळगणाऱ्या त्या लोकांना विच्छेदन म्हणजे आत्म्याचाही नाश वाटत होता.

शवे पुरत नव्हती, म्हणून कबरी उकरल्या जाऊ लागल्या. एडिंबरात १८२८ मध्ये विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी त्याहून सोपा मार्ग शोधला. १६ माणसांचा खून करून त्यांनी ती शवे डॉ. रॉबर्ट नॉक्स या शरीररचनेच्या शिक्षकाला विकली. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली आणि न्यायालयाच्या आदेशानुसार त्याचे विच्छेदन झाले. जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांनी दंगा केला. नंतर शव लोकांसाठी ठेवले तेव्हा ते पाहायला सुमारे २५,००० माणसे रांगेतून पुढे सरकली, असा अंदाज आहे. विच्छेदन करणाऱ्या प्राध्यापक मन्रो यांनी बर्कच्या रक्तात टाक बुडवून एक टिपण लिहिले. बर्कचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

या धक्क्यातून १८३२ चा कायदा आला. त्याने खुन्यांचे विच्छेदन थांबवले, पण त्याऐवजी गरीबखान्यात आणि इस्पितळात मरण पावलेल्या, कुणी न नेलेल्या माणसांचे देह वैद्यकीय शाळांना देण्याची सोय केली. काल जी खुन्याची शिक्षा होती ती आज गरिबीची शिक्षा झाली, हे लोकांना नीट कळले. १८३५ मध्ये शेफील्ड शहरात जमावाने शरीररचनेची शाळा फोडून टाकली. परवाना, निरीक्षक आणि बंद दारे ही व्यवस्था तेव्हापासूनची. २००२ मध्ये फॉन हागेन्स यांनी ती दारे उघडली, आणि तीही परवान्याशिवाय.

त्या क्षणी ब्रिटनमध्ये एक ताजी जखमही होती. लिव्हरपूलच्या ॲल्डर हे बालरुग्णालयात १९८८ ते १९९५ या काळात मृत बालकांचे अवयव आईवडिलांना न विचारता काढून ठेवले गेले होते. जानेवारी २००१ च्या चौकशी अहवालात २,००० हून अधिक डब्यांत सुमारे ८५० बालकांचे अवशेष असल्याचे बाहेर आले. आपले बाळ पूर्ण पुरले असे समजून बसलेल्या आयांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा अंत्यविधी करावे लागले. अशा देशात फॉन हागेन्स यांचे ‘बॉडी वर्ल्ड्स’ प्रदर्शन मार्च २००२ मध्ये ब्रिक लेनवर सुरू झाले. सुरुवातीलाच एका माणसाने गर्भवती स्त्रीच्या प्रदर्शित देहावर पांघरूण घातले आणि जमिनीवर रंग ओतला. ती कृती बेकायदा होती, पण त्या पांघरुणात काय भावना होती ते समजून घेणे कठीण नाही. आणि तरीही त्या प्रदर्शनाला लाखो लोक आले.

फॉन हागेन्स यांची कथा या सगळ्यात समजून घ्यावी लागते. १९४५ मध्ये जन्म, लहानपणापासून रक्त न गोठण्याचा आजार, त्यामुळे इस्पितळाचे दीर्घ मुक्काम. वाढले पूर्व जर्मनीत. तिथून पळून जाताना पकडले गेले, तुरुंगात राहिले आणि १९७० मध्ये पश्चिम जर्मनीने पैसे भरून त्यांना सोडवले. १९७७ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात त्यांनी प्लास्टिनेशन ही पद्धत शोधली. शवातले पाणी आणि चरबी आधी थंड ॲसिटोनने बाहेर काढायची, मग निर्वात पेटीत ॲसिटोन वायुरूपाने निघून जाताना त्याच्या जागी सिलिकॉन रबरासारखे पदार्थ पेशीपेशीत ओढून घ्यायचे, आणि शेवटी ते कडक करायचे. एका पूर्ण देहाला सुमारे १,५०० तासांचे काम लागते. अशा देहाला वास येत नाही, तो कुजत नाही, आणि त्याला हवी ती मुद्रा देता येते. १९९५ मध्ये टोकियोत पहिले मोठे प्रदर्शन झाले आणि आजवर जगभर पाच कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिली, असे आयोजक सांगतात.

टीव्हीवर देह दाखवणारे ते पहिले नव्हेत. फेब्रुवारी १९५८ मध्ये बीबीसीने ‘युअर लाइफ इन देअर हँड्स’ ही मालिका सुरू केली, ज्यात शस्त्रक्रिया थेट पडद्यावर आल्या. डॉक्टरांच्या संघटनेने तीव्र विरोध केला. रुग्ण घाबरतील, इस्पितळात यायचे टाळतील असे त्यांचे म्हणणे होते. प्रेक्षकांनी मात्र मालिका उचलून धरली. १९७८ मध्ये डॉक्टर आणि नाट्यदिग्दर्शक जोनाथन मिलर यांनी ‘द बॉडी इन क्वेश्चन’ या १३ भागांच्या मालिकेत शवाचे विच्छेदन दाखवले. तेव्हाही कुजबुज झाली, पण मिलर यांचा शांत, समजावून सांगणारा स्वर आणि त्यांच्यावरचा विश्वास यामुळे ती मर्यादेत राहिली.

२००५ च्या जानेवारीत फॉन हागेन्स ‘चॅनल फोर’वर परत आले, या वेळी ‘ॲनाटॉमी फॉर बिगिनर्स’ ही चार भागांची मालिका घेऊन. हालचाल, रक्ताभिसरण, पचन आणि प्रजनन. चित्रीकरण हायडेलबर्गमध्ये, सोबत समजावून सांगायला ब्रिटिश रोगनिदानतज्ज्ञ प्रा. जॉन ली. टेबलावरच्या देहाच्या शेजारी एक जिवंत माणूस उभा असे आणि त्याच्या त्वचेवर स्नायू, वाहिन्या रंगवून दाखवत. ही कल्पना मला विलक्षण वाटते. प्रेक्षक मृत देहातला स्नायू पाहतो आणि लगेच तोच स्नायू जिवंत दंडात आकसताना पाहतो. भीती तिथे ओसरते आणि जाणीव येते की हे सगळे या क्षणी माझ्या आत चालू आहे. २००६ मध्ये रोगांवरची ‘ऑटॉप्सी: लाइफ अँड डेथ’ ही मालिका आली, तीही याच जोडीची. तोपर्यंत २००२ ची आरडाओरड बरीच निवळली होती.

पाहणाऱ्याच्या शरीरात काय घडते हाही तितकाच मोठा विषय आहे. साप किंवा उंची यांच्या भीतीने माणूस घामाघूम होतो, छाती धडधडते, पण तो सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त आणि उघडी जखम पाहून होणारी प्रतिक्रिया निराळी असते. आधी हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो, मग अचानक व्हेगस नावाची चेतातंतूंची वाट हृदयाला लगाम घालते, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त कमी पडून माणूस खाली बसतो किंवा पडतो. पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी असे झाले, तर त्यात त्यांच्या धैर्याची कमतरता काहीच नसते. १९८० च्या दशकात स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी यावर साधा उपाय रुजवला. हातपाय आणि छातीचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा गरम वाटू लागला की सोडायचे आणि पुन्हा तेच करायचे. त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. टीव्ही पाहणाऱ्याला आणखी एक सवलत मिळते, ती म्हणजे वास नसतो. फॉर्मलिनचा डोळ्यांत पाणी आणणारा दर्प हीच खऱ्या हॉलमधली पहिली कसोटी असते. शिवाय रसायनांत ठेवलेला देह लाल-निळा दिसत नाही. तो करडा-तपकिरी असतो, चरबी पिवळसर. पुस्तकातल्या रंगीत आकृत्या पाहून आलेल्या माणसाला हा रंगच आधी चकित करतो.

या विषयातले सर्वांत सुंदर टीव्ही काम माझ्या मते २०१४ मध्ये बीबीसी फोरने केले. ‘डिसेक्टेड’ नावाच्या दोन भागांत ग्लासगोमध्ये मानवी हात आणि पाय थराथराने उलगडले, निवेदक होते जीवशास्त्रज्ञ जॉर्ज मॅकगॅव्हिन. हातात २७ हाडे, पावलात २६. पण खरी गंमत वेगळीच. आपल्या बोटांत बोट वाकवणारे स्नायू नसतात! ते मनगटाच्या वर, कोपराकडे असतात आणि लांब कंडरांनी बोटांशी जोडलेले असतात. कळसूत्री बाहुलीचे दोर जसे पडद्यामागून हलतात तसे. मृत हातातली कंडरा ओढली की बोट वाकते, हे डोळ्यांनी पाहणे एक वेगळाच अनुभव आहे. हा लेख वाचतानाच दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग पकडा आणि बोटे हलवा. तिथे काहीतरी सरकताना जाणवेल.

२०१६ मध्ये बीबीसी थ्रीने लठ्ठपणावर शवविच्छेदन दाखवले तेव्हा प्रतिक्रिया अगदी नव्या दिशेने गेल्या. अमेरिकेत देहदान केलेल्या सुमारे १०८ किलो वजनाच्या एका स्त्रीचे शव लंडनला आणले होते. चरबीने माखलेले अवयव आणि मोठे झालेले हृदय पाहून काहींनी आरोग्याची जाण आल्याचे सांगितले. इतर अनेकांना मात्र ते मृत स्त्रीला लाज वाटायला लावणारे वाटले. लक्षात घ्या, इथे रक्ताचा प्रश्नच नव्हता. देहाचे वर्णन कोणत्या शब्दांत केले गेले यावर लोक रागावले.

या साऱ्या प्रतिक्रियांचा मी लावलेला अर्थ असा आहे. मानवी देहाचे आतले रूप लोकांना जितके हादरवते, त्याहून जास्त त्यांना हा प्रश्न सतावतो की या माणसाने हो म्हटले होते का. हा प्रश्न जिथे अनुत्तरित राहिला तिथे संताप उफाळला. जानेवारी २००४ मध्ये जर्मन साप्ताहिक ‘डेर श्पीगेल’ने फॉन हागेन्स यांच्या चीनमधील केंद्राकडे मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे देह आल्याचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला, न्यायालयात दाद मागितली, पण डोक्याला जखमा असलेली सात शवे परत पाठवली. अमेरिकेत अशीच प्रदर्शने भरवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीला २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करावी लागली. आपल्या प्रदर्शनातल्या देहांचे मूळ सिद्ध करता येत नाही, ही सूचना तिला लोकांना द्यावी लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तर ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरातल्या एका हॉटेलात तिकीट लावून शवविच्छेदन झाले, ज्याची सर्वांत महाग तिकिटे ५०० डॉलरची होती. टेबलावर ९८ वर्षांचा एक माजी सैनिक होता. विज्ञानासाठी देह द्यावा ही त्याची इच्छा होती. पण तो अशा समारंभात उघडला जाणार आहे हे त्याच्या पत्नीला ठाऊक नव्हते. बातमी आली तेव्हा अमेरिकेत जो राग उसळला तो रास्त होता, असे मी ठामपणे म्हणतो.

ब्रिटनने ॲल्डर हेच्या प्रकरणानंतर २००४ मध्ये मानवी ऊतींविषयी नवा कायदा केला. त्यात एक तरतूद आहे जी मला सर्वांत मोलाची वाटते. शरीररचनेच्या अभ्यासासाठी किंवा सार्वजनिक प्रदर्शनासाठी देह वापरायचा असेल तर संमती त्या माणसाचीच हवी, हयात असताना, लेखी आणि साक्षीदारासमोर दिलेली. मुलगा, पत्नी, भाऊ कुणीही ती त्याच्या वतीने देऊ शकत नाही. याच कायद्याने शरीररचना निरीक्षकाचे जुने पद संपले आणि त्याची कामे मानवी ऊती प्राधिकरणाकडे गेली.

या कायद्याचे फळ ५ डिसेंबर २०२२ रोजी ‘चॅनल फोर’वर दिसले. कार्यक्रमाचे नाव ‘माय डेड बॉडी’. केंट परगण्यातली टोनी क्रूज ही दोन मुलांची आई, वयाच्या तिशीत अश्रुग्रंथीच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाने ऑगस्ट २०२० मध्ये वारली. मृत्यूपूर्वी तिने आपला देह अभ्यासासाठी दिला आणि तो सार्वजनिकरीत्या दाखवण्याची परवानगीही दिली. ब्रायटन अँड ससेक्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रा. क्लेअर स्मिथ यांनी ते विच्छेदन केले. विद्यार्थ्यांनी कर्करोग एका अवयवातून दुसऱ्या अवयवात कसा पसरला हे प्रत्यक्ष पाहिले. तिने लिहून ठेवलेले शब्द तंत्रज्ञानाच्या साहाय्याने पुन्हा घडवलेल्या तिच्याच आवाजात ऐकू येत होते. ब्रिटनमध्ये सार्वजनिक विच्छेदनात मृताचे नाव उघडपणे सांगितले जाण्याची ही १८० हून अधिक वर्षांतली पहिली वेळ होती. त्याआधी नाव माहीत असलेले बहुतेक देह खुन्यांचे होते. आता टेबलावर अशी स्त्री होती जिने स्वतः ठरवले होते.

२००२ आणि २०२२ यांच्यातला फरक प्रतिक्रियांत स्पष्ट दिसतो. विरोध पूर्ण संपला नाही. काही प्रेक्षकांना आईचा देह असा पाहणे सहन झाले नाही, आणि त्यांचे तसे वाटणे चूक नाही. पण या वेळी बहुतेक लोक टोनीच्या धैर्याविषयी बोलले. तक्रारींच्या जागी आभार आले.

आशियातही याच दिशेने काम झाले आहे. तैवानमधील हुआलिएन येथील त्सू ची विद्यापीठात १९९० च्या दशकापासून देह देणाऱ्याला मूक गुरू मानतात. विद्यार्थी आधी त्याच्या घरी जातात, कुटुंबाला भेटतात, त्याचे चरित्र लिहितात. शिक्षण संपल्यावर प्रत्येक छेद शिवला जातो, देहाला कपडे घालून विधिपूर्वक निरोप दिला जातो.

आपल्याकडची परंपरा तर फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री भिजवायचे आणि नंतर वाळ्याच्या किंवा तत्सम कुंच्याने थर हळूहळू खरवडत अंतर्भाग पाहायचा, अशी पद्धत दिली आहे. नंतर शवस्पर्शाच्या विटाळाने हा मार्ग बंद झाला. १८३६ मध्ये कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी विच्छेदन केले, तेव्हा फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी दिली गेली अशी आख्यायिका आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. आज महाराष्ट्रात १९४९ चा शरीररचना कायदा लागू आहे. त्याचा मुख्य आधार अजूनही बेवारस शव हाच आहे, म्हणजे १८३२ च्या इंग्लंडचाच. अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी विच्छेदनापूर्वी शवाच्या सन्मानाची शपथ घेतात, हे चांगले आहे. पण शपथ घेताना समोरच्या माणसाने ‘हो’ म्हटलेले असेल तर तिचे वजन वाढते.

म्हणून वाचकांना एक विनंती. देहदानाचा विचार मनात असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात जाऊन फॉर्म भरा आणि घरच्यांना तो दाखवा, कारण मृत्यूनंतर फोन त्यांनाच करायचा असतो. पोस्टमॉर्टेम झालेला देह आणि काही संसर्गजन्य आजार असलेला देह सहसा स्वीकारला जात नाही, नेत्रदान मात्र वेगळे करता येते. आणि आपल्या देहाचे चित्रीकरण चालेल की नाही, नाव सांगितले तर चालेल की नाही, हे फॉर्मवर विचारलेले नसले तरी वेगळ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून, सही करून, त्या फॉर्मसोबत ठेवा.